पाण्याचा रंग आणि धोक्याची सूचना

पवनारच्या धामकाठीं किंवा बोर धरणाच्या कडेस हिरवा तवंग दिसला, तर ‘शेवाळ आहे’ एवढें म्हणून आपण पुढें जातों. पाण्याची परीक्षा डोळ्यांनीं करण्याची ही संवय जुनी आहे, आणि बहुतेक ठिकाणीं ती पुरतेही. ती कोठें अपुरी पडते, हें मात्र इतिहासानें दाखविलें आहे.

सन १८७८ मध्यें जॉर्ज फ्रान्सिस यानें ऑस्ट्रेलियांतील अलेक्झांड्रिना सरोवराविषयीं ‘नेचर’ या नियतकालिकांत एक टिपण प्रसिद्ध केलें. वाऱ्यानें काठाशीं लोटलेली दाट हिरवी साय पोटांत जाऊन तेथें मेंढ्या, घोडे व कुत्रीं मरत होतीं. फ्रान्सिसनें ती साय एका मेंढीस पाजून पाहिली, तीही मेली. ही साय निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवांची होती. संथ व उष्ण पाणी, आणि शेतांतून व गटारांतून वाहून आलेलीं फॉस्फरस-नायट्रोजनयुक्त द्रव्यें मिळालीं, म्हणजे हे जीव माजतात. त्यांच्या कांहीं जातींचें विष यकृतास बाधतें, तर कांहींचें मज्जातंतूंस. यकृतास बाधणारें विष पाणी उकळूनही जात नाहीं.

वर्धेच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यांत, याच्या उलट प्रकार घडला. जून २०२० मध्यें लोणारच्या खाऱ्या सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांत लक्ष घातलें, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासले, आणि तो रंग लवणप्रिय सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचें ठरलें. ते जीव तळाशीं बसतांच रंगही ओसरला. नवलाच्या रंगाची चौकशी न्यायालयापर्यंत गेली. नित्याच्या हिरव्या रंगाकडे मात्र कोणी वळूनही पाहत नाहीं. वास्तविक विषारी आणि निर्विष वाण सूक्ष्मदर्शकाखालींही सारखेच दिसूं शकतात, म्हणून रासायनिक परीक्षेवांचून निर्णय होत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालीं स्नानाच्या पाण्यासाठीं पायऱ्या आंखून दिल्या : एका मिलिलिटरांत २०,००० पेशी आढळल्यास काठावर सूचना लावावी, १,००,००० झाल्यास पोहण्यापासून लोकांस परावृत्त करावें, आणि साय जमल्यास पाण्याचा स्पर्शच टाळावा. २०२१ सालीं तिनें अशा पाण्यांतील मायक्रोसिस्टिन या विषाची मर्यादा लिटरास २४ मायक्रोग्रॅम ठरविली.

आपल्या जिल्ह्यांतील पाण्यांत विष आहे, असें सुचविण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु उन्हाळ्यांत पाणी आटतें व तापतें. त्याच दिवसांत गुरें पाण्यावर येतात आणि मुलें डुंबतात. वारा साय नेमकी काठालाच आणतो, जेथें हीं दोघें असतात. तेव्हां ठराविक दिवशीं काठचा नमुना घ्यावा, तो तपासावा, आणि धोका आढळल्यास गुराख्यास वाचतां येईल अशा मराठींत फलक लावावा. धोका टळतांच तो काढावा, नाहीं तर पुढील फलकावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं. अलेक्झांड्रिनाच्या काठीं सूचना जनावरांच्या मृत्यूनें मिळाली. ती त्याहून स्वस्तांत मिळवितां येते, हें आज आपणांस ठाऊक आहे.