स्वर तारेचा की वाऱ्याचा?

सुरूच्या बनातून खारा वारा वाहू लागला म्हणजे उमटणारा तो दीर्घ सूर आमच्या किनाऱ्यावरील वाचकांच्या कानांत लहानपणापासून बसलेला असेल. हा सूर झाडाचा की वाऱ्याचा, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. पण त्याने युरोपातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांस चकविले आहे.

वाऱ्याने आपोआप वाजणाऱ्या तंतुवाद्याचे वर्णन अथानासियस किर्खर या जेझुइट पंडिताने १६५० मध्ये केले. सारंगीच्या गजाप्रमाणे वारा तारेस घासतो, म्हणून ती वाजते, ही समजूत साहजिकच होती. १८७८ मध्ये स्त्रोउहाल या झेक शास्त्रज्ञाने चौकटीत ताणलेली तार हवेत गरगर फिरवून निघणारा स्वर मोजला. आढळले ते असे की, स्वराची उंची तारेच्या ताणावर अवलंबून नसून केवळ वेगावर आणि तारेच्या जाडीवर आहे. वेगास जाडीने भागून भागाकाराचा सुमारे पाचवा हिस्सा घ्यावा. वारा सेकंदास १० मीटर व तार ४ मिलिमीटर जाडीची असेल, तर सेकंदास सुमारे ५०० कंपने. मग तार ढिली असो वा ताठ!

गंमत अशी की, एवढे करूनही स्त्रोउहालने या स्वरांस घर्षणस्वर असेच नाव दिले. नियम खरा, कारण मात्र चुकले. दुसऱ्याच वर्षी लॉर्ड रॅले यांनी धुराड्याच्या ओढीत तार धरून पाहिली. गजाने वाजणारी तार गजाच्याच दिशेने हालते. ही तर वाऱ्यास आडवी हालत होती! घर्षणाची उपपत्ती तेथेच ढासळली. नदीतील खांबामागे पाण्याचे भोवरे आळीपाळीने डावीउजवीकडे सुटतात, तसेच हवेचेही सुटतात, स्वर त्यांचा. या भोवऱ्यांच्या रांगेचे गणित फॉन कार्मान यांनी १९११ च्या सुमारास मांडले.

१९५२ मध्ये कॉमेट हे जेट विमान प्रवाशांना घेऊन उडू लागले. त्याच वर्षी मँचेस्टरच्या जेम्स लाइटहिल यांनी, तारही नाही आणि खांबही नाही, अशा नुसत्या खवळलेल्या हवेच्या आवाजाचे गणित प्रसिद्ध केले. जेटच्या झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. म्हणजे तेवढ्याच तोंडाच्या झोताचा वेग निम्मा केला, तर ती २५६ पटींनी घटते. रुंद तोंडाच्या, संथ झोताच्या इंजिनांस पुढे, विशेषतः १९७० नंतर, जे प्राधान्य मिळाले, त्यात या नियमाचाही वाटा आहे. मुख्य हेतू इंधनाची बचत हाच होता, हे कबूल केले पाहिजे. विमानतळाशेजारी राहणाऱ्यांची झोप त्यासोबत थोडीफार वाचली.