घरबसल्या विद्या आणि पदवीची पत



विद्या गुरुमुखातूनच यावी, हा आपला जुना संस्कार. त्यामुळे महाविद्यालयाची पायरी न चढता मिळविलेल्या पदवीकडे समाज दीर्घकाळ संशयाने पाहत आला. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात अशा विद्यार्थ्याला ‘प्रायव्हेट’ म्हणत. शासकीय हिंदीत तो ‘स्वाध्यायी’. शब्द सन्मानाचा, वागणूक मात्र तशी नसे. एका निवड समितीत असे अर्ज गुण न पाहताच बाजूला सारले गेले. त्या बैठकीत मीही गप्प राहिलो, ही खंत आज बोलून दाखवतो.

वस्तुतः ही वाट जुनीच. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू दिले. आपल्याकडे १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर आले. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९१ मध्ये भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठे वाढली, संशय मात्र टिकला.

मार्च २०२० मध्ये महामारीने वर्ग बंद पाडले, आणि कालपर्यंत नाके मुरडणारे प्राध्यापकच मोबाइलसमोर बसून शिकवू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या तोडीच्या मानाव्यात. मन वळले ते विचाराने कमी, गरजेने अधिक.

आपल्यासाठी याचा आणखी एक अर्थ आहे. हा मराठी मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर अंतराने जवळच राहिले, पण मधे राज्याची सीमा आली. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन अभ्यासक्रमांना प्रादेशिक सीमा नाही. मराठीतून उच्च शिक्षणाची जी वाट तेव्हा अरुंद झाली, ती पुन्हा रुंद होऊ शकते. अट एवढीच की, तसे अभ्यासक्रम मराठीत असावेत.

मात्र पडद्यावर व्याख्यान मिळते, सहवास मिळत नाही. शंका विचारायला माणूस लागतो, वाचायला शांत जागा लागते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती : संध्याकाळी शाळेची एक खोली अशा स्वाध्यायींसाठी उघडी ठेवा, आणि आळीपाळीने तिथे जाऊन बसा. स्मृतिव्याख्यानापेक्षा ते स्मारक अधिक टिकाऊ ठरेल.