अननसाच्या पातीचे ‘चामडे’

फिलिपिन्समध्ये अननसाची काढणी झाली की शेतात पातींचे ढीग उरतात. एरवी ही लांब, चिवट पाने कुजत पडतात किंवा पेटवून दिली जातात. याच पातींपासून तयार होणारे ‘पिन्याटेक्स’ आज बूट, पर्स आणि जॅकेटमध्ये चामड्याऐवजी वापरले जाते. त्याचे कूळ शोधत गेले, तर एक धागा टॅनरीत पोचतो आणि दुसरा हातमागावर.

स्पेनच्या कार्मेन इहोसा यांनी आयर्लंडमध्ये उंची चामडी बॅगांचा व्यवसाय केला होता. चामड्याची त्यांना उत्तम पारख होती, म्हणूनच १९९०च्या दशकात फिलिपिन्सच्या चर्मोद्योगाला सल्ला देण्यासाठी त्यांना बोलावले गेले. तिथे त्यांनी कातडी कमावण्याची सारी प्रक्रिया जवळून पाहिली. त्यात वापरली जाणारी रसायने आणि पर्यावरणाची हानी पाहून त्या हादरल्या. हे काम वाढवण्याचा सल्ला द्यायला मन धजेना, तेव्हा त्या दुसरे काही सापडते का ते शोधू लागल्या.

शोधायला फार लांब जावे लागले नाही. अननस स्पॅनिश राजवटीत फिलिपिन्समध्ये रुजला आणि त्याच्या पातीतून वाख काढून ‘पिन्या’ हे झिरझिरीत कापड विणण्याची कला तिथे बहरली. आक्लान प्रांतातले कालिबो हे तिचे माहेरघर. कारागीर चिनी मातीच्या बशीच्या तुकड्याने पात खरवडतात, वरचा हिरवा गर निघून जाड वाख सुटतो. मग नारळाच्या करवंटीने हलक्या हाताने खरवडले की आतला केसासारखा बारीक वाख हाती येतो. तो धुऊन, वाळवून, एकेक तंतू गाठ मारून जोडायचा, तेव्हा कुठे मागावर चढवण्याइतका धागा होतो. ‘बारोंग’ हा तिथला मानाचा सदरा याच कापडाचा. २०२३ मध्ये युनेस्कोने या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

हा वाख चिवट आहे, लवचीक आहे. मग तो विणण्याऐवजी नमद्यासारखा एकमेकांत गुंतवला तर? या प्रश्नामागे इहोसा यांची अनेक वर्षे गेली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांनी यावरच डॉक्टरेट केली आणि २०१४ मध्ये पिन्याटेक्स लोकांसमोर मांडले. यंत्राने काढलेला वाख धुऊन वाळवायचा, त्यातला चिकट अंश काढून तो कापसासारखा पिंजायचा, मक्यापासून केलेल्या पीएलए या प्लास्टिकचे तंतू त्यात मिसळायचे आणि न विणताच त्याचा थर बनवायचा. एका चौरस मीटरला सुमारे ४८० पाने लागतात. पुढे ह्यूगो बॉसने २०१८ मध्ये त्याचे बूट काढले, तर एच अँड एमने २०१९ मध्ये जॅकेट.

मात्र चामड्यासारखा टिकाऊपणा यावा म्हणून या थरावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप द्यावा लागतो, आणि तो मातीत विरघळत नाही. त्यामुळे शेतातून आलेली ही वस्तू पुरतेपणी शेतात परत जाऊ शकत नाही. ‘वनस्पतिजन्य’ असे लेबल वाचून खरेदी करणाऱ्याला हे माहीत असलेच पाहिजे.

इहोसा यांच्या ‘आनानास आनाम’ कंपनीने नंतर या वाखाचे सूतही बाजारात आणले. त्याचे नाव ‘पिन्यायार्न’. हे सूत विणून कापड करता येते, त्याला चामड्याचे रूप देण्यासाठी लेप चढवावा लागत नाही.