पॉवर ॲम्प, मेटल गिटारसाठी : ट्यूब आणि सॉलिड-स्टेट

पॉवर ॲम्प हा इलेक्ट्रिक गिटारच्या ध्वनिसाखळीतला स्पीकरच्या आधीचा शेवटचा टप्पा. पिकअपमधून निघणारा क्षीण संकेत प्रीॲम्प वाढवतो व त्याचा स्वर घडवतो. पॉवर ॲम्प त्याला स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी शक्ती देतो. हे काम निर्वात नळ्या करत असतील तर तो ट्यूब पॉवर ॲम्प, ट्रान्झिस्टर करत असतील तर सॉलिड-स्टेट. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा मुंबईच्या उपनगरांत मेटल वाजवणाऱ्याच्या जागा मुख्यतः तीन : सोसायटीतली खोली, तासाच्या भाड्याची जॅमरूम आणि अधूनमधून मिळणारा मंच. दोन प्रकारांतली निवड बरीचशी या जागाच ठरवतात.

मेटलमधील कार्य : १९६०च्या दशकात रॉक वादक ॲम्पचा आवाज पूर्ण वाढवून वाजवत आणि त्यांच्या स्वरातला खरखरीतपणा पॉवर ट्यूबवर पडणाऱ्या ताणातून येई. मार्शल कंपनीने १९७५ साली २२०३ या १०० वॅटच्या हेडला (स्पीकरविना सुट्या ॲम्पला) मास्टर व्हॉल्यूम दिला. हाच हेड १९८१पासून जेसीएम८०० मालिकेत विकला गेला. डिस्टॉर्शन प्रीॲम्पमध्ये तयार करायचे आणि पॉवर ॲम्पचा आवाज हवा तेवढाच ठेवायचा, हे त्यामुळे शक्य झाले. १९९२ साली आलेल्या पीव्ही ५१५० या हेडने १२एएक्स७ या प्रीॲम्प ट्यूबचे टप्पे एकापुढे एक लावून ही पद्धत आणखी पुढे नेली.

आजच्या मेटल स्वरातले डिस्टॉर्शन असे जवळजवळ सगळे प्रीॲम्पमध्ये किंवा पेडलमध्ये तयार होते. थ्रॅश किंवा डेथ मेटलमध्ये पाम म्यूट केलेल्या (तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या) जलद रिफचा प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा लागतो. ड्रॉप सी जुळणीतली सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची असते, सात तारांच्या गिटारवरचा खालचा बी सुमारे ६२ हर्ट्झचा. हे खालचे स्वर सर्वाधिक शक्ती मागतात. तिथे पॉवर ॲम्पही फाटू लागला की आघात एकमेकांत मिसळून गिचका होतो. म्हणून मेटलवादक पॉवर ॲम्पकडून शक्तीचा राखीव साठा आणि घट्ट बास मागतो. ब्लूजवादकाला हवे असलेले पॉवर ट्यूबचे मऊ डिस्टॉर्शन त्याच्या फारसे कामाचे नसते.

रचना : मेटलच्या ट्यूब ॲम्पमध्ये बहुधा ईएल३४ किंवा ६एल६जीसी या पॉवर ट्यूब असतात. ईएल३४चा मधला पट्टा पुढे येतो आणि ती लवकर फाटते. ६एल६जीसीचा बास अधिक भरीव असतो आणि ती जास्त वेळ स्वच्छ राहते. ट्यूबच्या ॲनोडवर साधारण ४०० ते ५०० व्होल्ट असतात. त्या उच्च दाबाच्या, कमी प्रवाहाच्या विजेचे स्पीकरला मानवेल असे रूपांतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो. ॲम्पच्या वजनाचा मोठा भाग हा ट्रान्सफॉर्मर आणि वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर यांचा असतो.

सॉलिड-स्टेट ॲम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही. त्याचे दोन वर्ग प्रचलित आहेत. एबी वर्गात ट्रान्झिस्टर सलग काम करतात व उष्णता बाहेर टाकायला मोठा हीटसिंक लागतो. डी वर्गात ते अतिवेगाने चालू-बंद होतात, उष्णता थोडीच निर्माण होते आणि शेकडो वॅटचा ॲम्प पेडलबोर्डवर मावतो. सीमोर डंकनचा पॉवरस्टेज १७० हे या वर्गातले परिचित उदाहरण. त्याचे १७० वॅट ४ ओहमच्या भारावरचे आहेत.

ट्यूब सम हार्मोनिक निर्माण करते म्हणून तिचा स्वर उबदार, हा समज सर्वत्र आढळतो. मात्र ५० किंवा १०० वॅटचे ट्यूब ॲम्प पुश-पुल रचनेचे असतात आणि या रचनेत सम हार्मोनिक बऱ्याच अंशी परस्परांना छेद देतात. दोन प्रकारांतला ऐकू येणारा फरक मुख्यतः स्पीकरशी असलेल्या संबंधातून येतो.

स्पीकरशी संबंध : स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी त्याचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) सर्व कंप्रतांना सारखा नसतो. बंद कॅबिनेटमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास उसळतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा चढत जातो. ट्यूब ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असल्याने या दोन्ही ठिकाणी स्पीकरला अधिक व्होल्टेज मिळते : खाली धमक वाढते, वर धार येते. पडद्याच्या हालचालीवरचा ताबाही थोडा सैल असतो, म्हणून पाम म्यूटला फुगीर धक्का मिळतो. ५१५०वरची रेझोनन्स आणि प्रेझेन्स ही बटणे नेमक्या याच दोन टोकांवर काम करतात. सॉलिड-स्टेटचा आउटपुट इम्पिडन्स अत्यल्प असतो. त्यामुळे प्रतिसाद सपाट व ताबा कडक राहतो. काहींना तो घट्ट वाटतो, काहींना कोरडा. करंट फीडबॅक वापरून सॉलिड-स्टेटलाही ट्यूबसारखे वागवता येते, आणि ते जमत नसेल तिथे समोरच्या इक्वलायझरवर १०० हर्ट्झ व ३ किलोहर्ट्झच्या वरचा भाग किंचित उचलला की अंतर पुष्कळ कमी होते.

भाराच्या बाबतीत दोघांचे नियम वेगळे आहेत. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता वाजवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड-स्टेटला मोकळे ठेवले तर सहसा चालते. मात्र नेमून दिलेल्या किमान ओहमच्या खाली गेले की ट्रान्झिस्टर धोक्यात येतात. ट्यूब ॲम्पला ४, ८ व १६ ओहमचे वेगवेगळे जोड असल्याने कोणत्याही कॅबिनेटवर पूर्ण शक्ती मिळते. सॉलिड-स्टेटची शक्ती ओहम दुप्पट झाले की जवळपास निम्मी होते : ४ ओहमवर २०० वॅट देणारा ॲम्प १६ ओहमच्या कॅबिनेटवर ५० वॅटच्या आसपास उरतो. ‘सॉलिड-स्टेटचे वॅट हलके’ या तक्रारीचे एक कारण हे. दुसरे असे की मर्यादा ओलांडल्यावर ट्यूब हळूहळू दबते आणि वापरण्याजोगी राहते, तर ट्रान्झिस्टरमधला संकेत एकदम कर्कश कापला जातो. म्हणून सॉलिड-स्टेट घेताना गरजेच्या दुप्पट-तिप्पट वॅट घेण्याचा प्रघात आहे.

वॅट आणि आवाज : ५० ऐवजी १०० वॅट घेतल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, तो कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. मेटलमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेलेशन व्हिंटेज ३० या स्पीकरची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे, म्हणजे १ वॅटला १ मीटर अंतरावर १०० डेसिबल. याच हिशोबाने खोलीत ८० डेसिबलवर वाजवायला वॅटचा शंभरावा भाग पुरतो. इतक्या कमी शक्तीवर पॉवर ट्यूबवर ताण येत नाही, वीजपुरवठा दबत नाही आणि स्पीकरही पुरता हलत नाही. ट्यूबचे जे गुण सांगितले जातात त्यांतले बहुतेक या पातळीवर दिसतच नाहीत.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात या मर्यादा ५० आणि ४० आहेत. भिंतीला भिंत लागून असलेल्या सोसायटीत १०० वॅटचा हेड त्याच्या खऱ्या स्वरापर्यंत नेणे म्हणूनच अशक्यप्राय असते. खालच्या पट्टीतले कंपन तर स्लॅबमधून इतर मजल्यांपर्यंत पोहोचते. ट्यूब हेड घरी वाजवायचाच असेल तर हेडची बरीचशी शक्ती उष्णतेत जिरवणारा ॲटेन्युएटर हेड व कॅबिनेट यांच्यामध्ये लावतात किंवा कॅबिनेटऐवजी लोड बॉक्स जोडतात.

परंपरा : मेटलचे बरेचसे गाजलेले ध्वनिमुद्रण ट्यूबवर झाले असले तरी सॉलिड-स्टेटची परंपराही भक्कम आहे. पँटेरा या बँडच्या डाइमबॅग डॅरेलने रँडल आरजी१००ईएस या सॉलिड-स्टेट ॲम्पवर आपला करवतीसारखा स्वर उभा केला. डेथ या बँडचा चक शुल्डिनर मार्शल व्हॉल्व्हस्टेट ८१०० वापरत असे; त्याच्या प्रीॲम्पमध्ये एक ट्यूब आहे, पॉवर ॲम्प मात्र ट्रान्झिस्टरचा. स्वीडनच्या डेथ मेटलचा स्वर तर पॉवर ॲम्पच्या आधीच, बॉस एचएम-२ या पेडलवर उभा राहिला.

मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन (२०००), भयानक मौत (२००३), झिग्नेमा (२००६), गटस्लिट (२००७) अशा बँडांनी मेटलचा श्रोता घडवला. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनशी जोडलेला होता. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे त्या खुल्या रंगमंचावरचे कार्यक्रम थांबले आणि पुढे काही वर्षे महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरला. अंधेरी पश्चिमेचे बी६९ हे कार्यक्रमस्थळ आणि पवईच्या आयआयटीतील मूड इंडिगो महोत्सवाची लाइव्हवायर स्पर्धा यांनीही उपनगरांतच मंच दिला. आयर्न मेडन या बँडचा १ फेब्रुवारी २००८चा कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. अशा मंचांवर कॅबिनेटसमोर मायक्रोफोन असतो व श्रोत्यांपर्यंतचा आवाज पीए यंत्रणा नेते. पॉवर ॲम्पने फक्त मंच भरायचा असतो.

वाहतूक : १०० वॅटचा ट्यूब हेड साधारण २० किलोच्या पुढे जातो, चार स्पीकरचे मार्शल १९६०ए कॅबिनेट ३६ किलोंचे आहे. हेड रिक्षात मांडीवर घेऊन नेता येतो, कॅबिनेटला टेम्पो लागतो. शिवाय रिक्षा माहीम आणि शीवच्या पुढे शहरात जात नाही, तिथून टॅक्सी करावी लागते. गर्दीच्या वेळच्या विरार किंवा कल्याण लोकलमध्ये हेड चढवणे हा पर्याय नव्हेच. जॅमरूममध्ये ड्रमकिट, बेस ॲम्प व गिटार ॲम्प तिथलेच असतात. त्यामुळे वादक प्रीॲम्प पेडल किंवा मॉडेलर (ॲम्प व कॅबिनेटचे डिजिटल अनुकरण करणारे यंत्र) पाठीवर नेतो आणि तिथल्या ॲम्पच्या इफेक्ट्स लूपच्या रिटर्नमध्ये जोडतो. असे केल्याने त्या ॲम्पचा प्रीॲम्प वगळला जातो आणि तो केवळ पॉवर ॲम्प म्हणून काम करतो. मॉडेलरमधले कॅबिनेटचे अनुकरण यावेळी बंद करावे लागते, नाहीतर स्वर दोनदा गाळला जाऊन मळकट होतो.

वीज व देखभाल : अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर वीज पुरवतात, मुलुंड-भांडुप पट्ट्यात महावितरण. पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला १२० व्होल्टचा अमेरिकी हेड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावल्यास जळतो. ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि मुख्य पुरवठा चढला-उतरला की तेही त्याच प्रमाणात बदलतात. म्हणून जनरेटरवर चालणाऱ्या मैदानी कार्यक्रमात ट्यूब ॲम्पला स्टॅबिलायझर देणे हिताचे.

पॉवर ट्यूब झिजतात. त्या जुळलेल्या जोडीने किंवा चौकडीने बदलाव्या लागतात आणि अनेक ॲम्पमध्ये नंतर बायस (ट्यूबमधला स्थिर प्रवाह ठरवणारी जुळणी) नव्याने लावावा लागतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूब, बनवले होते. आज गिटार ॲम्पच्या ट्यूब प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथून येतात. सॉलिड-स्टेटचे ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, फ्यूज यांसाठी ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड आहे. पावसाळ्यातली दमट हवा दोन्ही प्रकारांना त्रास देते : ट्यूबच्या सॉकेटवर आणि लूपच्या जॅकवर गंज चढतो, आवाज मध्येच बसतो किंवा चरचरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने ते बहुधा सुटते. ट्यूब ॲम्पचे कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात, म्हणून त्याचे आतले काम जाणकारावरच सोपवावे.

निवड : घरी सराव, जॅमरूम आणि छोटे मंच एवढाच वापर असेल तर डी वर्गाचा, ८ ओहमवर किमान १०० वॅट देणारा सॉलिड-स्टेट पॉवर ॲम्प आणि त्याआधी चांगला प्रीॲम्प किंवा मॉडेलर ही उपनगरातली योग्य जोडी होय. स्वतःची ध्वनिरोधित खोली आहे, ड्रमसोबत नियमित मोठ्याने वाजते, ध्वनिमुद्रणात खऱ्या कॅबिनेटची धमक हवी आहे आणि दर काही वर्षांनी ट्यूब बदलण्याची तयारी आहे, अशा वादकाने ट्यूब घ्यावा. त्यालाही १०० वॅटची गरज क्वचितच पडते, ५० वॅटचा ६एल६जीसीवरचा हेड ड्रमपुढे पुरतो. अंदाजपत्रक अपुरे असेल तर पैसे आधी स्पीकर व कॅबिनेटवर खर्च करावेत, कारण स्पीकर बदलल्याने स्वरात पडणारा फरक पॉवर ॲम्प बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.