गिअर ऑइल, मॅन्युअल गिअरबॉक्सचे

मोटारीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समधील दंतचक्रे, बेअरिंग व सिंक्रोनायझर यांचे वंगण. ते निवडताना दोन गोष्टी पाहतात : अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा ‘जीएल’ दर्जा आणि एसएई जे३०६ मानकानुसारची दाटी. डब्यावर दाटी ठळक छापतात. आधी पाहायचा तो दर्जा.

जीएल-४ आणि जीएल-५ हे आकडे उतरंडीचे नाहीत, कामाचे आहेत. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मागील डिफरन्शियलच्या हाउजिंगमधील हायपॉइड क्राऊन-पिनियनचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरतात. ते झिजू नयेत म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त पूरके जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. गिअर ऑइलचा उग्र वास या गंधकाचाच. गिअरबॉक्सची गरज मात्र वेगळी. गिअर टाकताना सिंक्रोनायझरची रिंग, बहुधा पितळी, गिअरच्या शंकूला घट्ट धरून दोघांचा वेग जुळवते. तेल फार निसरडे असेल तर ही पकड बसत नाही आणि गिअर करकरत पडतो. शिवाय पूरकांतील क्रियाशील गंधक तापल्यावर पितळ खाते. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ असताना ‘वरचा नंबर’ समजून जीएल-५ भरणे म्हणजे जास्त पैसे देऊन रिंगा झिजवणे होय. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत असते, पण त्याचे दात हायपॉइड नसतात. दोन्हींना जीएल-४ पुरते.

दाटीच्या आकड्यांनी गोंधळू नये. ७५डब्ल्यू-९० हे गिअर ऑइल आणि १०डब्ल्यू-४० हे इंजिन ऑइल १०० अंश सेल्सिअसला जवळपास सारखेच दाट असते. मोजपट्ट्या निराळ्या आहेत. १९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीत तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा सांगतो : ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशांवर, ८०डब्ल्यूची उणे २६ अंशांवर होते. महाराष्ट्रात इतकी थंडी नसते, तरी ७५डब्ल्यू-८० च्या जागी ८०डब्ल्यू-९० भरल्यास हिवाळ्यातील सकाळी गिअर कडक लागतो. काही कंपन्या स्वतःचे खास तेल किंवा ऑटोमॅटिकचे तेलही सांगतात. तिथे पुस्तिकेचाच शब्द अखेरचा.

तेल बदलताना गाडी सपाट जागी हवी, तेल कोमट हवे. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, मगच निचऱ्याचा उघडावा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत तेल आले की पातळी पुरी झाली.