बोट, हात आणि फासे

काळेवाडी फाट्यावर आपण म्हणतो, ‘सिग्नल लागला’. म्हणजे लाल लागला. हिरवा ‘सुटतो’. सिग्नलचं मूळ लॅटिन ‘सिग्नुम’, म्हणजे खूण. लाल, हिरवी कुठलीही. मराठीने मात्र त्यातली अडवणूक तेवढी उचलली.

इंडिकेटर वेगळा. तो लॅटिन ‘इंडेक्स’चा, दाखवणाऱ्या बोटाचा नातलग. आपल्याकडे त्याच बोटाला तर्जनी म्हणतात आणि ‘तर्ज्’ म्हणजे धमकावणे! वळण न घेता नुसताच इंडिकेटर मारत घुसणाऱ्या टेम्पोला संस्कृत अर्थच जास्त शोभतो. मिनिटाला 60 ते 120 वेळा उघडझाप, एवढीच नियमाची अपेक्षा. ती टकटक करणारा फ्लॅशर. गॅरेजवाला हा शब्द फक्त त्या छोट्या डबीला वापरतो. दिवे नव्हते तेव्हा चालक खिडकीतून हात काढायचा. हात दाखवून अवलक्षण तेव्हाही होतच असेल.

बीकन हा जुन्या इंग्रजीत खूण, मग डोंगरावरचा इशाऱ्याचा जाळ. आपल्याकडे तो साहेबाच्या टपावर चढला, ‘लाल दिव्याची गाडी’ झाला आणि 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्याही गाडीवरून उतरला.

आणि हॅझर्ड? मुळात फाशांचा जुगार. गाडी बंद पडली तर लावायचे ते चारही दिवे; इथे पावसात, बोगद्यात, अगदी ‘मी सरळ जातोय’ सांगायलाही लावतात. मागच्याला त्यातला एकच दिवा दिसला, तर तो वळणाचा समजायचा की थांबण्याचा, हे फासे टाकूनच ठरवायचं.