जुन्नरचे परदेशी वैद्य

१६७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला. तिथला शिवनेरी किल्ला तेव्हा मोगलांकडे होता आणि बोलावणंही त्यांचंच. जनानखान्यात पडद्याआडून एक हात पुढे आला. नाडी पाहून फ्रायर म्हणाला, ही बाई ठणठणीत आहे! हात दासीचा होता. गोऱ्या वैद्याची परीक्षा चालली होती. खऱ्या रोग्याचा हात त्यानंतर मिळाला.

पोरांच्या वाट्याला परदेशी वैद्यक आलं ते देवीच्या लशीतून. बगदाद, बसऱ्यामार्गे ती मुंबईत पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली. पुढे एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडात, अशी ती हातोहात सरकत राहिली. म्हणजे लशीची कुपी ते मूलच. आपल्या लेकराचा फोड परक्याला फोडू द्यायला कोणती आई राजी होईल?

१८३६ ते १८३८ या काळात दख्खन-खानदेशात लसीकरणाचं काम स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गिब्सनकडे होतं. नंतर तो दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्याच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बाग फुलली. तिथला माल सरकारी औषधभांडारात जाई.

फ्रायर आणि गिब्सन, दोघेही कंपनीचे पगारी नोकर. गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला आणि १८६० पर्यंत जंगलं राखत राहिला.